आठशे साठ मेगाहर्ट्झचं स्वप्न

पावसाळ्यात कृष्णा-पंचगंगेचं पाणी चढायला लागलं की आपल्या नृसिंहवाडीत सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीकडे असतं. पाणी घाटाच्या कितव्या पायरीवर आलं? मंदिराच्या मंडपात शिरलं का? उत्तरेकडून आत आलेलं पाणी दत्तप्रभूंच्या पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारातून बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा झाला. मग त्या दारात स्नानाला झुंबड. पूर्वी ही बातमी शिरोळ-कुरुंदवाडच्या एस.टी.तून, माणसांच्या तोंडून पसरायची. आता कुणीतरी खांद्यापर्यंत पाण्यात उभं राहून मोबाइल वर धरतं आणि मिनिटभरात पुण्या-मुंबईतल्याच काय, परदेशातल्या भक्तांच्याही हातात तो व्हिडिओ पडतो.

मोबाइलमधून बाहेर पडून टॉवरपर्यंत जाते ती रेडिओ लहर. डोळ्यांना न दिसणारी, आवाज न करणारी. तिच्या ज्या पट्ट्यात मोबाइलचा बराचसा कारभार चालतो त्याला म्हणतात अल्ट्रा हाय फ्रिक्वेन्सी, थोडक्यात यूएचएफ. टीव्ही, वाय-फाय, ब्लूटूथ, जीपीएस, किणी टोलनाक्यावर काचेवरचा फास्टॅग वाचणारं यंत्र... सगळी मंडळी याच वाड्यातली भाडेकरू.

ही लहर आपल्या देशातल्या खेड्यातल्या माणसाच्या कामी यावी, हा हट्ट एका माणसानं साठच्या दशकात धरला होता. तेव्हा देशात टीव्ही होता तो एकट्या दिल्लीत. त्या माणसाचं नाव विक्रम साराभाई. इस्रोचे जनक म्हणून पुस्तकात त्यांचा धडा असतो, चंद्रयान-२ च्या लँडरला त्यांचं नाव होतं, हे आपल्याला माहीत असतं. पण रॉकेटच्या धुरामागे त्यांची एक गोष्ट झाकली जाते. ती आहे ८६० मेगाहर्ट्झच्या लहरीची. आणि तिच्यात आपल्या कोल्हापूरचाही धागा आहे.

आधी लहर समजून घेऊ

तळ्यात खडा टाकला की लाटा उठतात. एका सेकंदात किती लाटा एका जागेवरून गेल्या, ती त्या लाटेची वारंवारता. यूएचएफ पट्ट्यात हा आकडा सेकंदाला ३० कोटी ते ३०० कोटी एवढा असतो, म्हणजे ३०० ते ३००० मेगाहर्ट्झ. लाट जेवढी घाईची, तेवढी तिची लांबी कमी. या पट्ट्यातली लहर एक मीटर ते दहा सेंटिमीटर लांबीची. जर्मनीच्या हाइनरिश हर्ट्झनं १८८८ च्या सुमारास रेडिओ लहरी प्रयोगानं सिद्ध केल्या, तेव्हा आरशांच्या प्रयोगासाठी त्यानं वापरलेली लहर साधारण ६६ सेंटिमीटरची होती. म्हणजे ही मंडळी घराण्यातली जुनीच.

लहर आखूड असण्याचे फायदे बघा. अँटेना छोटी चालते, म्हणून फोन खिशात मावतो. शॉर्टवेव्ह रेडिओची लहर वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर आपटून परत जमिनीवर येते. यूएचएफ लहर तो थर भेदून सरळ अवकाशात जाते, तशीच अवकाशातून खालीही येते. पण एक खोड आहे. ती सरळ रेषेत चालते. मधे डोंगर आला की अडते, पृथ्वीच्या गोलाईला वळसा घालत नाही. म्हणून टीव्हीचा मनोरा कितीही उंच बांधा, पन्नास-शंभर किलोमीटरच्या पुढे चित्र पोचवणं कठीण. सह्याद्रीच्या कुशीतल्या गावांना नेटवर्क का मिळत नाही, याचं उत्तर यातच आहे.

मग सबंध भारतात पोचायचं असेल तर किती मनोरे लागतील? किती वर्षं? किती पैसा? आणि पहिले मनोरे कुठे उभे राहतील, शहरात की खेड्यात? साराभाईंची गोष्ट या प्रश्नांपाशी येऊन थांबते. पण आधी जरा मागे जाऊ.

गिरणीमालकाचा मुलगा

१२ ऑगस्ट १९१९. अहमदाबादेतल्या कॅलिको मिलचे मालक अंबालाल आणि सरलादेवी साराभाई यांच्या घरी विक्रमचा जन्म झाला. आठ भावंडं. पैशाला तोटा नव्हता, पण घराचं वळण वेगळं होतं. मुलांना बाहेरच्या शाळेत न घालता आईवडिलांनी शाहीबागेतल्या आपल्या बंगल्यातच शाळा काढली, माँटेसरीच्या पद्धतीची. विज्ञान, भाषा, संगीत, चित्रकला, सुतारकाम, सगळं तिथेच. विक्रमचा जीव रमायचा तो यंत्रांत. शाळकरी वयातच त्यानं वाफेच्या इंजिनाचं छोटं मॉडेल बनवलं होतं.

या घरात गांधीजी, रवींद्रनाथ टागोर यांच्यासारख्यांचं येणंजाणं होतं. गंमत म्हणजे, वडील गिरणीमालक आणि आत्या अनसूया साराभाई गिरणी कामगारांच्या नेत्या. १९१८ च्या अहमदाबादच्या संपात आत्या कामगारांच्या बाजूनं उभी राहिली, तेही सख्ख्या भावाच्या विरोधात. थोरली बहीण मृदुला स्वातंत्र्यलढ्यात उतरली. आपल्याला जे मिळालंय त्याचं दुसऱ्यांसाठी काय करायचं, हा प्रश्न या घरात जेवणाच्या ताटावरच वाढला जात असणार.

गुजरात कॉलेजात शिकून विक्रम इंग्लंडला गेले. केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखला घेताना टागोरांचं शिफारसपत्र सोबत होतं. १९४० मध्ये पदवी मिळाली, पण दुसरं महायुद्ध पेटलं होतं. भारतात परतावं लागलं. मग बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली विश्वकिरणांचा अभ्यास सुरू झाला. विश्वकिरण म्हणजे अवकाशातून सतत पृथ्वीवर आदळणारे अतिवेगवान कण. त्यांची मोजणी करायला विक्रम कधी बंगळूर, कधी आपलं पुणं, तर कधी काश्मीरचे डोंगर असे हिंडले. होमी भाभाही त्याच काळात बंगळूरला होते. दोघंही श्रीमंत घरातले, दोघंही केंब्रिजचे, दोघांनाही कलेची ओढ. तिथेच नृत्यांगना मृणालिनी स्वामिनाथन यांची ओळख झाली आणि १९४२ मध्ये लग्न झालं.

युद्ध संपल्यावर ते पुन्हा केंब्रिजला गेले आणि १९४७ मध्ये डॉक्टरेट घेऊन आले. देश नुकताच स्वतंत्र होत होता. वय अवघं २८.

संस्था उभारायचा सपाटा

पुढच्या पंधरा वर्षांत त्यांनी काय केलं याची नुसती यादी वाचली तरी दम लागतो. नोव्हेंबर १९४७ मध्ये अहमदाबादेत फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी सुरू झाली. स्वतः संचालक व्हायचं सोडून त्यांनी पुण्याच्या वेधशाळेत काम केलेल्या के. आर. रामनाथन यांना ते पद दिलं, कारण अनुभवी माणूस हवा होता. सुरुवात झाली ती एका विज्ञान महाविद्यालयातल्या मोजक्या खोल्यांत. त्याच वर्षी कापड गिरण्यांसाठीची संशोधन संस्था अटिरा. १९४९ मध्ये मृणालिनींसोबत दर्पणा ही नृत्यसंस्था. १९६१ मध्ये आयआयएम अहमदाबाद. शिवाय घरच्या औषध कंपनीचा कारभार होताच.

यात एक धागा दिसतो. तरुण पोरांना घ्यायचं, जबाबदारी द्यायची आणि मोकळं सोडायचं. चूक झाली तरी चालेल, पण दुसऱ्यानं केलेलं नुसतं विकत आणायचं नाही. ही त्यांची पद्धत.

या तरुणांत एक होते एकनाथ चिटणीस. १९२५ मध्ये कोल्हापुरात जन्मलेले. फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीत ते विश्वकिरणांवर काम करायला आले आणि पुढे साराभाईंच्या अवकाश कार्यक्रमाचे बिनीचे शिलेदार झाले. पुण्यात जन्मलेले प्रमोद काळेही याच फळीतले. ही दोन्ही नावं लक्षात ठेवा, पुढे परत येतील.

चर्चमधली प्रयोगशाळा

१९६२ मध्ये अवकाश संशोधनाची राष्ट्रीय समिती स्थापन झाली. अध्यक्ष साराभाई. रॉकेट सोडायला जागा शोधायची होती. पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त दक्षिण केरळवरून जातं. तिथल्या वरच्या वातावरणाचा अभ्यास करायचा तर जागा त्या रेषेजवळ हवी. शोधाशोध झाली आणि तिरुवनंतपुरमजवळचं थुंबा हे मच्छीमारांचं गाव पसंत पडलं. जागा शोधण्याच्या कामात चिटणीसही होते.

पण तिथे वस्ती होती, सेंट मेरी मॅग्डलीनचं चर्च होतं. साराभाई बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांना भेटले. बिशपनी हा विषय रविवारच्या प्रार्थनेला जमलेल्या गावकऱ्यांपुढे मांडला आणि गावकऱ्यांनी आपलं चर्च आणि आपली घरं देशाच्या कामाला दिली. रॉकेटच्या इतिहासात शास्त्रज्ञांची नावं येतात, पण किनाऱ्यावरची राहती जागा सोडून गेलेल्या त्या मच्छीमारांचा वाटाही तेवढाच मोठा. कोयनेसाठी गाव सोडलेल्यांच्या आपल्या भागाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

चर्चच्या इमारतीत कार्यालय आणि प्रयोगशाळा थाटली गेली. रॉकेटचे भाग सायकलवरून नेले जात, त्याचा फोटो तुम्ही पाहिला असेल. २१ नोव्हेंबर १९६३ च्या संध्याकाळी अमेरिकेचं नायके-अपाची रॉकेट थुंब्याहून उडालं आणि आकाशात सोडियमच्या वाफेचा नारिंगी ढग पसरला. भारताच्या अवकाशयुगाचा तो पहिला दिवस.

भाकरी की रॉकेट?

त्या वेळचा देश आठवून बघा. चीनचं युद्ध, पाकिस्तानचं युद्ध, दुष्काळ, अमेरिकेहून येणारा गहू. लोकांना भाकरी मिळत नाही आणि तुम्ही आकाशात फटाके काय उडवताय, हा प्रश्न साहजिक होता. साराभाईंनी तो कधी उडवून लावला नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: चंद्रावर माणूस पाठवायची बड्या देशांशी स्पर्धा आपल्याला करायचीच नाही. पण हवामानाचा अंदाज, शेतीची माहिती, शाळेतलं शिक्षण या आपल्या रोजच्या अडचणींवर अवकाशातलं तंत्रज्ञान उपयोगी पडणार असेल, तर गरीब देशानं ते मागाहून घेणं म्हणजे अजून मागे राहणं.

२४ जानेवारी १९६६ रोजी होमी भाभांचं विमान आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखरावर कोसळलं. त्याच वर्षी अणुऊर्जा आयोगाची धुरा साराभाईंच्या खांद्यावर आली. आता अणुऊर्जा आणि अवकाश, दोन्ही त्यांच्याकडे. अहमदाबाद, मुंबई, दिल्ली, तिरुवनंतपुरम अशी सततची पळापळ सुरू झाली.

या धावपळीतही टीव्हीचा विषय त्यांनी सोडला नाही. प्रश्न तोच, जो आपण वर पाहिला. मनोरे उभारत गेलो तर टीव्ही आधी मुंबई-कलकत्त्याला जाणार, मग जिल्ह्याच्या गावाला, आणि खेड्याचा नंबर लागेपर्यंत पिढी संपणार. मुख्य म्हणजे ज्याच्याकडे आधीच शाळा, दवाखाना, वर्तमानपत्र आहे त्यालाच आणखी एक सोय मिळणार. साराभाईंनी हिशेब उलटा मांडला. विषुववृत्तावर ३६ हजार किलोमीटर उंचीवर उपग्रह ठेवला तर तो पृथ्वीबरोबरच फिरतो आणि आकाशात एका जागी टांगल्यासारखा दिसतो. तिथून जवळजवळ एक तृतीयांश पृथ्वी त्याच्या नजरेत येते. डोंगर आडवा येत नाही, गोलाई आडवी येत नाही. मग सुरुवात खेड्यापासूनच का करू नये?

नुसतं बोलून ते थांबले नाहीत. २६ जानेवारी १९६७ ला दिल्लीच्या आसपासच्या ८० गावांत सामुदायिक टीव्ही बसवून शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम सुरू झाला. तोच पुढे घराघरांत पोचलेला कृषिदर्शन. चावडीवर बसून शेतकरी टीव्ही बघतो का, त्यातलं काही शेतात करून बघतो का, याची ती चाचणी होती. त्याच वर्षी अहमदाबादेत उपग्रह दळणवळणाचं प्रायोगिक भूकेंद्र उभं राहिलं. आपली पोरं शिकून तयार व्हायला हवीत, उपग्रह आल्यावर नव्हे, त्याच्या आधी.

१५ ऑगस्ट १९६९ ला इस्रोची स्थापना झाली. आणि महिनाभरानं, १८ सप्टेंबर १९६९ ला, भारताचा अणुऊर्जा विभाग आणि अमेरिकेची नासा यांच्यात करार झाला. नासा आपला एक उपग्रह वर्षभर भारतासाठी वापरायला देणार. जमिनीवरची यंत्रं, टीव्ही संच, कार्यक्रम, देखभाल, सगळं भारतानं करायचं. या प्रयोगाचं इंग्रजी नावातल्या आद्याक्षरांवरून झालेलं नाव, साइट. वापरायची लहर, ८६० मेगाहर्ट्झ.

जाळीची छत्री

८६० च का? इथे जरा गणित करू. प्रकाशाचा आणि रेडिओ लहरीचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर. त्याला ८६० मेगाहर्ट्झनं भागलं की लहरीची लांबी येते साधारण ३५ सेंटिमीटर. तुमच्या कंपासपेटीतल्या नव्हे, दप्तरातल्या फूटपट्टीपेक्षा थोडी जास्त.

आता डिश अँटेना म्हणजे लहरींचा आरसा. आरशाला भोकं असली तरी चालतात, फक्त ती लहरीच्या लांबीपेक्षा पुष्कळ लहान हवीत. ३५ सेंटिमीटरच्या लहरीला एखाद-दोन सेंटिमीटरची भोकं दिसतच नाहीत, तिला ती सलग भिंतच वाटते. म्हणजे महागडा गुळगुळीत पत्रा नको. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली तारेची जाळी पुरे! भारतीय अभियंत्यांनी अशीच सुमारे तीन मीटर व्यासाची जाळीची छत्री बनवली. स्वस्त, हलकी, वारा आरपार जाणारी, बिघडली तर गावात दुरुस्त होणारी. साराभाईंच्या विचाराला साजेसं यंत्र.

पण ती छत्री वर जाताना बघायला साराभाई नव्हते.

कोवळमची सकाळ

डिसेंबर १९७१. बांगलादेशचं युद्ध नुकतंच संपलेलं. साराभाई कामासाठी थुंब्याला गेले होते. मुक्काम जवळच कोवळमच्या समुद्रकाठी. ३० डिसेंबरच्या सकाळी ते खोलीत मृतावस्थेत आढळले. वय ५२ वर्षं. झोपेतच गेले होते.

साइटच्या करारावर सही होऊन सव्वादोन वर्षं झाली होती. उपग्रह अजून जमिनीवरच होता. एकाही गावात छत्री बसली नव्हती. एका माणसाच्या कल्पनेवर उभं राहिलेलं काम त्याच्यामागे कोसळतं, हे आपण कितीतरी ठिकाणी बघतो. इथे तसं झालं नाही, कारण माणसं घडवलेली होती. १९७२ मध्ये सतीश धवन यांनी इस्रोची सूत्रं घेतली. अहमदाबादच्या केंद्रात यशपाल होते. आणि साइटच्या कामाचा मोठा भार वाहणाऱ्यांत होते कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस आणि पुण्याचे प्रमोद काळे.

एक वर्ष, २४०० गावं

३० मे १९७४ ला नासाचा एटीएस-६ उपग्रह उडाला. अवकाशात पोचल्यावर त्याची नऊ मीटर व्यासाची अँटेना छत्रीसारखी उघडली. वर्षभर अमेरिकेत कामं करून १९७५ मध्ये तो सरकत सरकत पूर्व आफ्रिकेच्या वर, ३५ अंश पूर्व रेखांशावर आला. तिथून भारत समोर दिसत होता. त्याच्या प्रक्षेपकाची ताकद किती? सुमारे ८० वॅट. जुन्या पिवळ्या बल्बएवढी! मोठ्या अँटेनामुळे ती सगळी ताकद भारतावर एकवटली आणि ३६ हजार किलोमीटरवरून गावातल्या जाळीत पडली.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६. आंध्र, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा, राजस्थान अशा सहा राज्यांतल्या २० जिल्ह्यांत २४०० गावं. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण आपल्या जत-सोलापूरला लागून असलेला विजापूर जिल्हा होता. निवडलेली गावं मुद्दाम मागासलेल्या भागातली. काही गावांत वीजच नव्हती, तिथे संच बॅटरीवर चालले. संच हैदराबादच्या सरकारी कारखान्यात बनलेले. सकाळी दीड तास शाळेतल्या मुलांसाठी, संध्याकाळी अडीच तास सगळ्यांसाठी. शेती, आरोग्य, कुटुंब, थोडी करमणूक, बातम्या. कन्नड, तेलुगू, उडिया आणि हिंदी अशा चार भाषा. शाळांच्या सुटीत हजारो प्राथमिक शिक्षकांना याच पडद्यावरून विज्ञान शिकवण्याचं प्रशिक्षण मिळालं.

ज्यांनी कधी सिनेमाही पाहिला नव्हता अशी माणसं चावडीपुढे, शाळेच्या अंगणात दाटीवाटीनं बसायची. जगात एवढ्या मोठ्या प्रमाणावर उपग्रहावरून थेट खेड्यात टीव्ही याआधी कुणी दाखवला नव्हता. विज्ञानकथा लिहिणारे आर्थर क्लार्क, ज्यांनी १९४५ मध्येच अशा स्थिर उपग्रहांची कल्पना मांडली होती, त्यांच्या कोलंबोच्या घरावर इस्रोच्या अभियंत्यांनी अशीच एक छत्री बसवून दिली.

सगळं गोडगोड होतं असं नाही. प्रयोग सुरू झाला तेव्हा आणीबाणी लागून महिना उलटला होता, आणि पडद्यावर काय दाखवायचं हे सरकारच ठरवत होतं. लहर खेड्यात पोचली, पण खेड्याला बोलायची सोय तिच्यात नव्हती. ती एका बाजूनंच वाहत होती. वर्ष संपलं, करार संपला, अमेरिकेचा उपग्रह निघून गेला. काही भागांत नंतर जमिनीवरचे प्रक्षेपक आले, पण अनेक गावांतले पडदे अंधारले. वर्षभर जग दाखवून परत दार लावल्यासारखं ते झालं. दुसऱ्याच्या उपग्रहावर स्वप्न किती दिवस चालणार, हा धडाही त्यातच होता. पुढे १९८३ मध्ये इन्सॅट-१बी कामाला लागला आणि देशाला स्वतःचा उपग्रह टीव्ही मिळाला. मात्र तोपर्यंत टीव्हीची वाट चावडीकडून दिवाणखान्याकडे वळायला लागली होती.

लहर अजून इथेच आहे

पुण्याहून नाशिकला जाताना जुन्नर तालुक्यात आर्वी लागतं. तिथल्या उपग्रह भूकेंद्राला साराभाईंच्या स्मरणार्थ विक्रम हे नाव दिलं गेलं. त्याच तालुक्यात खोडदला गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या महाकाय रेडिओ दुर्बिणी आहेत, ४५ मीटर व्यासाच्या तीस. त्यांच्या डिशही पत्र्याच्या नाहीत, बारीक तारेच्या जाळीच्या आहेत. तत्त्व तेच आणि काटकसरीची अक्कलही तीच. त्या ऐकतात दूरच्या ताऱ्यांकडून, दीर्घिकांकडून येणाऱ्या लहरी, आणि त्यातल्या बऱ्याचशा याच यूएचएफ पट्ट्यातल्या.

आणि आपली वाडी? वाडीचं पाणी वाडीत ठरत नाही. महाबळेश्वर, कोयना, राधानगरीच्या डोंगरात किती पाऊस पडला यावर ते ठरतं. भारतीय हवामान खात्याची माणसाविना चालणारी स्वयंचलित केंद्रं पाऊस, तापमान, वारा मोजतात आणि इन्सॅट मालिकेतल्या उपग्रहाला कळवतात. ती लहर सुमारे ४०२ मेगाहर्ट्झची. यूएचएफच. तिथून माहिती पुण्याच्या केंद्रात उतरते. हवामानासाठी उपग्रह वापरायचा, हेही साराभाईंच्या मूळ मांडणीतलं कलम होतं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोळ तालुक्यातली गावं वेढली गेली, तेव्हा एक संदेश वेळेवर पोचणं म्हणजे काय, ते आपण सोसून शिकलो आहोत. नकाशावर तुमची जागा दाखवणारं जीपीएस आणि आपलं स्वतःचं नाविक, दोघांच्याही लहरी याच घराण्यातल्या.

आता परत किणी टोलनाक्यावर या. तुमच्या गाडीचा फास्टॅग वाचला जातो तो ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर. साराभाईंच्या ८६० च्या अगदी शेजारच्या घरातली लहर. एके काळी जी लहर विजापूरच्या एखाद्या खेड्यात शाळा घेऊन उतरत होती, तिची शेजारीण आज आपला टोल कापते! यात वाईट काही नाही, तीही सोयच आहे. लहरीला स्वतःचं मत नसतं. तिच्यावर काय बसवायचं हे माणसं ठरवतात.

साराभाईंची जन्मशताब्दी २०१९ मध्ये होऊन गेली. त्यांनी उभ्या केलेल्या संस्था चालू आहेत, रॉकेटं उडताहेत, टाळ्या वाजताहेत. पण त्यांचा मूळ प्रश्न अजून जागच्या जागी आहे. नवं तंत्र आलं की ते आधी कुणाच्या दारात जातं? शेवटच्या घराचा नंबर कधी लागतो? शाहूवाडी, गगनबावड्याच्या वाड्यावस्त्यांवर आजही पोरांना रेंजसाठी टेकडी चढावी लागते.

पुढच्या वेळी वाडीच्या घाटावर पाणी चढताना व्हिडिओ काढाल, तेव्हा सेकंदभर त्या न दिसणाऱ्या लहरीचा विचार करा. त्या व्हिडिओबरोबर पाण्याची पातळीही पाठवा, पुढच्या गावातल्या मावशीला. विक्रम साराभाईंना ते नक्की आवडलं असतं.